तीन महिन्यांचे पीक

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे पहिली चौकशी सुनेची होते. तिच्या रक्ताच्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, गंडेदोरे बांधले जातात, नवस बोलले जातात. पुष्कळदा तिला भूल देऊन पोटात दुर्बीण घालण्यापर्यंत मजल जाते. एवढे सगळे होईपर्यंत नवऱ्याच्या वीर्याची साधी तपासणी मात्र झालेली नसते. या तपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही आणि इतर तपासण्यांच्या मानाने खर्चही फार कमी येतो. तरीही ती सर्वांत शेवटी होते आणि कित्येक घरांत कधीच होत नाही. सुनेने ‘वांझ’ हा शब्द ऐकून घेणे, तिच्यावर सवत येणे, तिला कायमचे माहेरी धाडले जाणे, हे सारे या एका न झालेल्या तपासणीपायी घडू शकते.

वंध्यत्वाची वैद्यकीय व्याख्या सोपी आहे. कोणतेही गर्भनिरोधक न वापरता बारा महिने नियमित शरीरसंबंध येऊनही गर्भधारणा झाली नाही, तर ते वंध्यत्व मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा या अडचणीतून जावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये दोष, पूर्णपणे किंवा अंशतः, पुरुषाकडे सापडतो. म्हणजे फक्त पत्नीची तपासणी करणे हे अर्धीच उत्तरपत्रिका तपासून निकाल लावण्यासारखे आहे.

हा विषय समजून घ्यायला खानदेशासारखा दुसरा प्रदेश नाही. धुळे-जळगावचा उन्हाळा, इथला कापूस आणि इथली केळी या तिन्हींचा पुरुषाच्या जननक्षमतेच्या शास्त्राशी जवळचा संबंध आहे. तो कसा, हे पाहण्याआधी शरीरातली मूळ व्यवस्था पाहू.

शुक्रपेशी तयार कशा होतात?

शुक्रपेशी पहिल्यांदा माणसाच्या नजरेस पडल्या त्या १६७७ साली. हॉलंडमधील लेवेनहोक याने स्वतः घासून केलेल्या भिंगातून त्या पाहिल्या आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे पत्राने कळवले. डोके, मध्यभाग आणि शेपूट मिळून शुक्रपेशीची लांबी एक मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाएवढी भरते. डोक्यात पित्याची २३ गुणसूत्रे असतात, मध्यभागात ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका असतात आणि शेपटीने ती पोहते.

वृषणात अतिशय बारीक, वेटोळी नलिका असतात. त्या उलगडून एकापुढे एक ठेवल्या तर त्यांची लांबी काहीशे मीटर भरेल. नलिकांच्या आतल्या भिंतीला मूळ जननपेशी चिकटलेल्या असतात. त्या सतत विभागतात. विभागून झालेल्या काही पेशी पुढच्या बियाण्यासाठी मूळ जागीच राहतात, उरलेल्या आत सरकतात, अर्धगुणसूत्री विभाजनातून जातात आणि शेवटी शेपूट फुटून शुक्रपेशी होतात. या वाटचालीत त्यांना आधार आणि पोषण देणाऱ्या पेशींचे वर्णन इटलीच्या एन्रिको सेर्तोली यांनी १८६५ मध्ये केले. त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

मूळ पेशीपासून शुक्रपेशी तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यानंतर अधिवृषणातून प्रवास करताना तिला पोहण्याची क्षमता येते आणि त्यात आणखी एक-दोन आठवडे जातात. म्हणजे पेरणीपासून काढणीपर्यंतचा हिशेब तीन महिन्यांच्या आत-बाहेर आहे. आपल्याकडचा मूग साधारण सत्तर दिवसांत हाती येतो, तसेच हे कमी मुदतीचे पीक आहे. फरक एवढाच, की पेरणी आणि काढणी दोन्ही रोज चालू असतात. निरोगी पुरुषात दिवसाला दहा कोटींच्या आसपास शुक्रपेशी तयार होतात असे धरले, तर त्याला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागून पाहा : दर सेकंदाला अकराशेहून अधिक!

या कामाचा हुकूम मेंदूतून येतो. पियूषिका ग्रंथीतून एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सुटतात. एलएच वृषणातील लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन तयार करवून घेते, तर एफएसएच सेर्तोली पेशींना कामाला लावते. रक्तातील टेस्टोस्टेरॉन वाढले की पियूषिका हात आखडता घेते. ही परतफेरीची सूचना ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

यावरून नुकसान चार ठिकाणी होऊ शकते हे दिसते. एक, उभे पीक करपणे, म्हणजे विकसित होत असलेल्या पेशींना इजा होणे. दोन, बियाणेच जळणे, म्हणजे मूळ जननपेशी नष्ट होणे. तीन, वाट बंद होणे, म्हणजे शुक्रवाहिनीत अडथळा येणे. चार, वरून हुकूमच न येणे. पहिल्या प्रकारात कारण दूर केले की तीन महिन्यांत नवे पीक येते. दुसऱ्यात ते येईलच असे नाही. राहणीमान बदलून काय साधेल आणि काय साधणार नाही, हे या भेदावर ठरते.

धुळ्याचा मे महिना

वृषण पोटाच्या पोकळीत न राहता बाहेर पिशवीत का असतात, हा प्रश्न विद्यार्थी मनात ठेवतात, विचारत मात्र नाहीत. माणसात शुक्रपेशींची नीट वाढ होण्यासाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. म्हणून तिथे खास व्यवस्था आहे. वृषणकोशाच्या त्वचेखाली चरबीचा थर नाही आणि तिथे घर्मग्रंथी पुष्कळ आहेत. थंडीत स्नायू आकसून वृषण शरीराजवळ घेतात आणि उष्म्यात सैल सोडतात. शिवाय वृषणाकडे जाणाऱ्या रोहिणीभोवती नीलांचे जाळे असते. परतणारे थंड रक्त येणाऱ्या गरम रक्तातली उष्णता काढून घेते, त्यामुळे आत पोहोचणारे रक्त आधीच निवलेले असते.

आता भौतिकशास्त्राचा विचार करा. हवा २५ अंशांवर असताना शरीराची उष्णता आपोआप बाहेर जाते. पण एप्रिल-मेमध्ये धुळे, जळगाव, भुसावळ येथे पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो, म्हणजे हवा शरीरापेक्षाही गरम असते. अशा वेळी उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, घामाचे बाष्पीभवन. माठातले पाणी गार होते ते याच तत्त्वाने. खानदेशातला उन्हाळा कोरडा असल्याने बाष्पीभवन चांगले होते, पण त्याला हवा लागली पाहिजे. माठाला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवले तर पाणी गार होणार नाही. घट्ट, कृत्रिम धाग्याची चड्डी आणि वर जाड जीनची विजार घालून आठ तास गाडीच्या आसनावर बसणाऱ्याची स्थिती त्या माठासारखी होते. जुन्या पिढीच्या धोतर-पायजम्यात हवा खेळती राहत असे.

याला पुरावा आहे का? अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो येथे उघड्यावर काम करणाऱ्या पुरुषांची उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वीर्यतपासणी केली, तेव्हा उन्हाळ्यात शुक्रपेशींची संख्या लक्षणीय कमी आढळली. हा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये बोस्टन येथील ६५६ पुरुषांच्या अभ्यासात सैल अंतर्वस्त्रे वापरणाऱ्यांच्या वीर्यात शुक्रपेशींचे प्रमाण घट्ट वापरणाऱ्यांपेक्षा २५ टक्के जास्त निघाले. अर्थात हा प्रयोग नव्हता, निरीक्षण होते. सैल कपडे वापरणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर दाखवून द्यावे.

भट्टीजवळ काम करणारे, वेल्डिंग करणारे, लांब पल्ल्याचे ट्रकचालक यांना हा धोका अधिक. मांडीवर लॅपटॉप ठेवून काम करणे किंवा फार कढत पाण्यात बसून राहणे यानेही तापमान वाढते. तापाचाही असाच परिणाम होतो. जोराचा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिने शुक्रपेशी कमी दिसू शकतात. म्हणून डेंग्यू किंवा विषमज्वर झाल्यावर लगेच केलेल्या वीर्यतपासणीवर घाईने निष्कर्ष काढू नये.

याचा अर्थ खानदेशातले पुरुष उन्हामुळे वंध्य होतात असा मुळीच नाही. तसे असते तर इथली गावे कधीच ओस पडली असती. उष्णतेने होते ती बहुधा पहिल्या प्रकारची, भरून निघणारी हानी. ज्याची संख्या मुळात भरपूर आहे त्याला ती जाणवतही नाही. ज्याची काठावर आहे त्याला मात्र जाणवू शकते.

सरकीची गोष्ट

कापसाच्या सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे रंगद्रव्य असते. किडींपासून आपला बचाव व्हावा म्हणून कापसाचे झाड ते तयार करते. चीनमधील कापूस पिकवणाऱ्या काही खेड्यांत सरकी न भाजता काढलेले कच्चे तेल रोजच्या स्वयंपाकात वापरले जाऊ लागले आणि तिथे मुले होणे जवळजवळ थांबले. या घटनेचा आणि सरकीच्या तेलाचा संबंध चिनी वैद्यक नियतकालिकात १९५७ मध्ये मांडला गेला. पुढे गुन्हेगार सापडला तो गॉसिपॉल. शुक्रपेशीला ऊर्जा देणाऱ्या विकरांच्या कामात ते अडथळा आणते, आणि वृषणातील विकसित होणाऱ्या पेशींनाही इजा करते.

चिनी शास्त्रज्ञांनी मग या शत्रूलाच कामाला लावायचे ठरवले. १९७० च्या दशकात आठ हजारांहून अधिक पुरुषांना गॉसिपॉलच्या गोळ्या गर्भनिरोधक म्हणून देण्यात आल्या. बहुतेकांची शुक्रपेशींची संख्या अगदी खाली गेली. पण दोन अडचणी उभ्या राहिल्या. काहींच्या रक्तातील पोटॅशियम घटून स्नायू लुळे पडू लागले, आणि गोळ्या थांबवल्यानंतरही बऱ्याच जणांची जननक्षमता परत आली नाही. उभे पीक थांबवायला गेलेले औषध काहींच्या बियाण्यापर्यंत पोहोचले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये या संशोधनातून अंग काढून घेतले.

मग आपण खातो त्या सरकीच्या तेलाचे काय? घाबरण्याचे कारण नाही. सरकी गाळण्यापूर्वी भाजली की गॉसिपॉलचा मोठा भाग पेंडीतील प्रथिनांना जखडला जातो. त्यानंतर तेल शुद्ध करताना ते कॉस्टिक सोड्याने धुतात, तेव्हा उरलेले गॉसिपॉल साबणाच्या गाळाबरोबर निघून जाते. कच्चे तेल गडद तांबूस-तपकिरी आणि शुद्ध तेल फिकट पिवळे दिसते, ते यामुळेच. बाजारातील शुद्ध केलेले तेल खाण्याला सुरक्षित आहे. अडाणी घाण्यावर काढलेले कच्चे सरकीचे तेल मात्र पोटात जाऊ देऊ नये. गाई-म्हशींना सरकीची पेंड चालते, कारण त्यांच्या कोठीपोटात गॉसिपॉल प्रथिनांना बांधले जाते. वासरांचे कोठीपोट तयार झालेले नसते, म्हणून त्यांना ती बेताने द्यावी. वळूला सरकी फार खाऊ घातल्यास त्याच्या शुक्रपेशींत दोष आढळतात, हेही प्रयोगांत दिसले आहे. टेक्सासमधील कीर्ती राठोड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ज्याच्या सरकीत गॉसिपॉल नगण्य आहे, पण पानाबोंडांत संरक्षणापुरते आहे, असा कापूस जनुकीय तंत्राने तयार केला. तिथे त्याला २०१८-१९ मध्ये लागवडीची आणि खाद्य म्हणून वापरण्याची मान्यताही मिळाली.

केळीच्या बागेतला धडा

रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला सूत्रकृमी ठाऊक असतो. मुळांत शिरून तो झाड कमजोर करतो. या कृमीवर डीबीसीपी नावाचे रसायन अमेरिकेत १९५० च्या दशकापासून वापरात आले. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका, होंडुरास, निकाराग्वा या देशांतील केळीच्या मोठ्या मळ्यांत ते जमिनीत सोडले जाई. उंदरांवरील प्रयोगांत या रसायनाने वृषण आक्रसतात, हे १९६१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरीही वापर थांबला नाही.

१९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लॅथ्रप या गावच्या कारखान्यात डीबीसीपी तयार करणाऱ्या कामगारांच्या लक्षात आले, की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मुले होत नाहीत. तपासणी झाली आणि त्यांतील अनेकांच्या वीर्यात शुक्रपेशी अत्यल्प किंवा मुळीच नाहीत असे निघाले. केळीच्या मळ्यांतील हजारो मजुरांचीही तीच गत झाली होती. रसायनापासून दूर गेल्यावर काहींची संख्या पुन्हा वाढली. ज्यांची शून्यावर गेली होती त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची ती कधीच वर आली नाही, कारण त्यांचे बियाणेच जळून गेले होते. अमेरिकेने १९७९ मध्ये या रसायनाचा बहुतेक वापर बंद केला. भारतात ते १९८९ पासून बंदी असलेल्या कीडनाशकांच्या यादीत आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे : नुकसान झाले ते रसायन हाताळणाऱ्यांचे. केळी खाण्याचा याच्याशी संबंध नाही.

हा धडा कापसालाही लागू आहे. आंध्र प्रदेशात कापसाच्या शेतात फवारणी करणारे पुरुष आणि त्यांच्या पत्नी अशा हजारांवर जोडप्यांची तुलना कीडनाशकाशी संबंध न आलेल्या तेवढ्याच जोडप्यांशी करण्यात आली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फवारणी करणाऱ्यांमध्ये वंध्यत्व आणि पत्नीचे गर्भपात अधिक आढळले. केरळात कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे एंडोसल्फान फवारले जात होते. तिथल्या मुलग्यांत वयात येण्याची लक्षणे उशिरा दिसतात, असे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एंडोसल्फानवर बंदी घातली.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे बळी गेले, तेव्हा या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष गेले. पण विषबाधा म्हणजे केवळ चक्कर, उलटी आणि मृत्यू नव्हे. हळू मुरणारे विष तीन महिन्यांच्या पिकावरही परिणाम करते. वाऱ्याच्या दिशेने पाठ करून फवारणे, हातमोजे, तोंडावर मुखपट, अंगभर कपडे, फवारणी संपताच साबणाने स्नान आणि ते कपडे घरच्या धुण्यापासून वेगळे धुणे, एवढे तरी पाळावे. पंपाची अडकलेली नळी तोंडाने फुंकणे तर कटाक्षाने टाळावे.

तंबाखू, पोट आणि व्यायामशाळा

विडी-सिगारेटच्या धुरात कॅडमियमसारखे जड धातू आणि पेशींना जाळणारे क्रियाशील ऑक्सिजनचे रेणू असतात. शुक्रपेशीचा पडदा नाजूक, आणि स्वतःची दुरुस्ती करण्याची तिची क्षमता फार थोडी. त्यामुळे संख्या घटते, पोहण्याची गती मंदावते आणि डोक्यातील डीएनएचे तुकडे पडतात. ‘आम्ही ओढत नाही, नुसता चुना-तंबाखू मळतो’ असे म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. मुंबईत वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या सहाशेहून अधिक पुरुषांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू जितकी जास्त चघळली जाते तितका वीर्याचा दर्जा खालावलेला आढळला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मावा आणि खर्रा मात्र आजही हातोहात मिळतो. दारूचे प्रमाण वाढले की यकृत आणि वृषण दोन्हींवर परिणाम होऊन टेस्टोस्टेरॉन घटते.

सुटलेले पोट हा दुसरा शत्रू. चरबीच्या पेशींत असलेले एक विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. पियूषिकेला वाटते की संप्रेरक पुरेसे आहे, म्हणून ती हुकूम कमी करते. शिवाय मांड्यांच्या चरबीमुळे उष्णता कोंडते. डेन्मार्कमध्ये लठ्ठ पुरुषांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठ आठवड्यांच्या कमी उष्मांकाच्या आहाराने सरासरी साडेसोळा किलो वजन घटले आणि शुक्रपेशींची एकूण संख्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. ज्यांनी नंतर वजन पुन्हा वाढू दिले नाही, त्यांच्यातच ही वाढ टिकली.

तिसरी गोष्ट तरुणांना मुद्दाम सांगण्याजोगी आहे. दंड फुगवण्यासाठी काही व्यायामशाळांत टेस्टोस्टेरॉनची किंवा तत्सम स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली जातात. ‘पुरुषी संप्रेरक घेतले म्हणजे पुरुषत्व वाढणार’ हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण परतफेरीची सूचना आठवा. रक्तात बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की पियूषिका एफएसएच आणि एलएच थांबवते, वृषणातले काम बंद पडते आणि शुक्रपेशी शून्यावरही येऊ शकतात. दंड भरतात आणि वृषण आक्रसतात. इंजेक्शने थांबवल्यावर बहुतेकांचे काम पुन्हा सुरू होते, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

‘शक्ती वाढवणाऱ्या’ गोळ्यांचे काय? अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर फॉलिक आम्ल आणि जस्ताच्या गोळ्यांची काटेकोर चाचणी झाली. २०२० मध्ये आलेला निष्कर्ष असा, की गोळ्या घेणाऱ्यांच्या वीर्याचा दर्जा सुधारला नाही आणि मुले होण्याचे प्रमाणही वाढले नाही. ज्वारी-बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, दूध, हंगामी फळे या आहारात लागणारे बहुतेक घटक असतात. त्याऐवजी महागडे डबे विकत घेण्याची गरज नाही.

तपासणीचा कागद कसा वाचावा?

तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन होऊ देऊ नये, आणि नमुना तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालच्या मर्यादा अशा : वीर्याचे आकारमान १.४ मिलिलिटर, शुक्रपेशी दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण संख्या ३ कोटी ९० लाख, हालचाल करणाऱ्या पेशी ४२ टक्के, आणि निर्दोष आकाराच्या पेशी ४ टक्के. हा शेवटचा आकडा पाहून पुष्कळांना धक्का बसतो. पण शंभरातल्या ९६ पेशींच्या आकारात काही ना काही उणे असणे हे माणसात नेहमीचेच आहे.

या मर्यादा ठरवल्या कशा? ज्यांच्या पत्नीला वर्षाच्या आत दिवस गेले अशा साडेतीन हजारांवर पुरुषांचे आकडे चढत्या क्रमाने मांडले आणि खालचे पाच टक्के जिथे संपतात तिथे रेघ ओढली. म्हणजे रेघेखालीही बाप झालेले पुरुष होतेच. म्हणून रेघेखालचा आकडा म्हणजे ‘मूल होणार नाही’ असा निकाल नव्हे, आणि रेघेवरचा आकडा म्हणजे हमीही नव्हे. आकडे रोज बदलतात, त्यामुळे एका तपासणीवर न थांबता काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी.

वीर्यात शुक्रपेशी मुळीच नसतील तर मात्र राहणीमान बदलण्यात वर्षे घालवू नयेत. नलिकेतील अडथळा, गुणसूत्रांतील दोष, वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडाने वृषणाला आलेली सूज, लहानपणी खाली न उतरलेले वृषण, अशी कारणे तज्ज्ञांनीच शोधायची असतात. सुमारे पंधरा टक्के पुरुषांत वृषणाच्या नीला फुगलेल्या असतात. त्या सर्वांनाच त्रास होतो असे नाही, पण वंध्यत्वासाठी आलेल्यांत त्यांचे प्रमाण बरेच जास्त असते आणि योग्य रुग्णात शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. एक शुक्रपेशी सुईने थेट बीजांडात सोडण्याचे तंत्र १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथे यशस्वी झाले, तेव्हापासून अत्यल्प संख्या असलेल्यांनाही वाट मिळाली आहे. हे उपचार खर्चिक आहेत. अशा केंद्रांची नोंदणी २०२१ च्या कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ती नोंदणी पाहूनच पुढे जावे.

संख्या काठावर असेल, तर तीन महिन्यांचा कार्यक्रम जरूर आखावा. तंबाखू आणि दारू बंद. रोज चालणे किंवा शेतातले कष्ट, पुरेशी झोप. वजन जास्त असल्यास ते हळूहळू कमी करणे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवणे. सैल सुती कपडे, लांब प्रवासात मधून मधून उतरून उभे राहणे. कीडनाशकापासून बचाव. चालू असलेल्या औषधांची डॉक्टरांना माहिती देणे. वीर्य ‘साठवले’ म्हणजे जोम वाढतो हा समज चुकीचा आहे; फार दिवस साठल्यास मृत आणि मंद पेशींचे प्रमाण वाढते. गर्भधारणा होऊ शकते ते दिवस म्हणजे बीजांड सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. दोन-तीन दिवसांआड संबंध आला तर हे दिवस आपोआप साधले जातात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, आधी केल्यास जुनेच पीक मोजले जाईल. या काळात पत्नीची तपासणी थांबवू नये, कारण तिच्या वयाची वर्षे परत येत नाहीत. पत्नी पस्तिशीच्या पुढची असेल, तर बारा महिने न थांबता सहा महिन्यांतच सल्ला घ्यावा.

वर्गात शिकवताना

दहावीच्या विज्ञानात पुरुष-प्रजननसंस्थेची आकृती आहे. पुष्कळ वर्गांत ती ‘घरी वाचा’ म्हणून सोडली जाते. त्यामुळे राहिलेले शिक्षण मुले बसस्थानकाजवळच्या भिंतींवरून घेतात. ‘धात जाते’, ‘कमजोरी येते’, ‘पुढे मूल होणार नाही’ या भीतीने अनेक मुले अभ्यासातून उठतात आणि पैसेही गमावतात. झोपेत वीर्य जाणे ही वयात येण्याची नैसर्गिक खूण आहे. सेकंदाला हजारावर पेशी तयार करणारी व्यवस्था त्याने रिकामी होत नाही. हा हिशेब फळ्यावर करून दाखवला तर मुलांच्या मनावरचे मोठे ओझे उतरते. अशा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही त्यांना सांगावे. महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून याच विषयांवर लोकांचा रोष पत्करून लिहिले.

दोन साधे उपक्रम सुचवतो. दोन सारखे छोटे माठ घ्या, दोन्हींत सारखे पाणी भरा, एकाला प्लॅस्टिकने गुंडाळा आणि मे महिन्यात सावलीत ठेवून दर तासाला तापमान मोजा. वृषणकोशाचा धडा इथून सुरू करता येतो. दुसऱ्या तासाला वर्गाला एक प्रश्न द्या : एका जोडप्याला चार वर्षे मूल नाही; पहिल्या दिवशी कोणत्या तपासण्या कराव्यात आणि त्या कोणाच्या? उत्तरपत्रिकांत फक्त पत्नीच्याच तपासण्या लिहिलेल्या आल्या, तर तो धडा पुन्हा शिकवायला हवा. याच वर्गातली मुले-मुली आणखी दहा वर्षांनी दवाखान्याच्या बाकावर शेजारी-शेजारी बसलेली असतील, आणि चिठ्ठीवर तेव्हा दोघांचीही नावे असावीत.